आधी खूण, मग रंग: खुब्याचे फ्रॅक्चर ओळखायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचा अनुभव

नवी मुंबईतील ज्या वैद्यकीय महाविद्यालयात मी अस्थिरोग शिकवतो, तेथे गेल्या पावसाळ्यापासून आम्ही शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून आणि इंटर्नकडून एका सॉफ्टवेअरवर खुब्याच्या एक्स-रेचा सराव करून घेत आहोत. पेल्व्हिसचा, म्हणजे कंबरेच्या हाडांचा, एक्स-रे पाहायचा, फ्रॅक्चर आहे की नाही ते ठरवायचे, असल्यास नेमके कुठे ते खूण करून दाखवायचे, आणि त्यानंतर संगणकाला जिथे संशय आला तो भाग लाल-पिवळ्या रंगात उजळून येतो, अशी त्याची रचना आहे. या जातीची साधने आता बरीच मिळतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्यांपैकी बहुतेकांना लागू पडेल, म्हणून कंपनीचे नाव देत नाही. तैवानमधील चांग गुंग रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये याच धर्तीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि संगणकाच्या मदतीने सराव केलेल्या विद्यार्थ्यांची अचूकता वाढल्याचे त्यात दिसले होते. आमचाही अनुभव तसाच आहे, मात्र रंग उशिरा दिसला तरच.

मूळ मांडणीत तो रंग एका टिचकीसरशी केव्हाही पाहता येतो. तसा तो पाहिला की विद्यार्थ्याची नजर थेट त्या डागावर जाते, तिथे काहीतरी रेघ सापडते आणि उरलेला एक्स-रे न पाहताच राहतो. म्हणून विभागात आम्ही नियम केला की आधी खूण करायची, खुणेचे कारण एका ओळीत वहीत लिहायचे आणि मगच रंग पाहायचा. सॉफ्टवेअरपेक्षा या एका ओळीने जास्त शिकवले, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘इथे तुटल्यासारखे वाटते’ असे लिहिणारी मुले काही आठवड्यांत ‘शेंटनची रेषा मानेखाली तुटली आहे, दुसऱ्या बाजूला ती सलग आहे’ असे लिहू लागली. फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) मानेच्या, म्हणजे त्याच्या गोल डोक्याखालच्या अरुंद भागाच्या, आतल्या कडेवरून प्यूबिसच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) वरच्या फांदीच्या खालच्या कडेकडे जाणारी ही सलग कमान एकदा डोळ्यांत बसली की हललेले, म्हणजे तुकडे जागेवरून सरकलेले, फ्रॅक्चर सहसा निसटत नाही.

खरी कसोटी न हललेल्या फ्रॅक्चरची असते. आर. एस. गार्डन यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणातील पहिल्या प्रकारात फीमरचे डोके मानेत रुतून किंचित बाहेरच्या बाजूला कललेले असते, पाय आखूड झालेला किंवा बाहेर वळलेला दिसेलच असे नाही आणि रुग्ण कधी कधी चालतही येतो. कोपरखैरण्याहून आलेल्या एका आजी तशाच, नातवाचा हात धरून, कॅज्युअल्टीत आल्या. न्हाणीघरात पाय घसरला होता आणि तक्रार गुडघ्याची होती. खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवू शकते हे पुस्तकात सगळेच वाचतात. त्या दिवशीच्या इंटर्न मुलीने मात्र गुडघ्याच्या एक्स-रेवर समाधान न मानता पाय हलक्या हाताने आत-बाहेर वळवून पाहिला आणि पेल्व्हिसचा एक्स-रे मागवला. डोक्यातील हाडाच्या बारीक रेषांचा कल मानेतील रेषांशी जुळत नव्हता आणि मानेच्या बाहेरच्या कडेला बारीकसे टोक आले होते. एवढ्याच दोन गोष्टी होत्या, आणि तिने त्या तिथल्या तिथे बोट ठेवून दाखवल्या. फ्रॅक्चर सरकण्याआधी कळल्यामुळे स्क्रू घालून काम भागले. ते सरकले असते तर डोक्याचा रक्तपुरवठा धोक्यात आला असता आणि त्या वयात बहुधा सांधाच बदलावा लागला असता. मला या साधनाबद्दल जी आस्था वाटते ती अशा रुग्णांमुळे.

उणिवाही सविस्तर सांगायला हव्यात. सरावातील एक्स-रे चांगले काढलेले आहेत, म्हणजे पाय साधारण १५ अंश आत वळवून घेतलेले, त्यामुळे मान पूर्ण लांबीने दिसते. आमच्याकडे उरण-पनवेलच्या गावांतून, कधी हाडवैद्याकडे जाऊन आलेल्या रुग्णाचा पाय दुखण्यामुळे बाहेरच वळलेला असतो. मग मान आखडल्यासारखी दिसते, मोठा ट्रोकँटर (मानेच्या बुडाशी बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा) तिच्यावर चढतो आणि नवशिक्याला तिथे रुतलेल्या फ्रॅक्चरचा भास होतो. लहान ट्रोकँटर (आतल्या बाजूचा छोटा उंचवटा) फार ठळक दिसला तर आधी पायाच्या वळणाचा संशय घ्यावा, हे सॉफ्टवेअर कुठेच शिकवत नाही. ते आम्हांलाच सांगावे लागते. एका एक्स-रेत तर त्याने झिजलेल्या सांध्याच्या कडेने वाढलेल्या हाडाची पांढरी रेघ लाल रंगवली. हाडाच्या बारीक रेषा तिच्यातून अखंड पलीकडे जात होत्या, त्यामुळे ते फ्रॅक्चर नव्हते. वहीत कारण लिहिणाऱ्या दोघातिघांनी संगणकाशी असहमती नोंदवली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

बाजूने काढलेला, म्हणजे लॅटरल एक्स-रे त्यात नाही, ही मोठी त्रुटी आहे. त्याहून गंभीर बाब अशी की ‘फ्रॅक्चर नाही’ असा हिरवा शेरा आला की प्रश्न संपतो. प्रत्यक्षात काही फ्रॅक्चर साध्या एक्स-रेत दिसतच नाहीत. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस (NICE) संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, एक्स-रे स्वच्छ असूनही संशय कायम असेल तर एमआरआय करावा आणि तो २४ तासांत शक्य नसेल किंवा करता येत नसेल तर सीटीचा विचार करावा. पडलेल्या वृद्ध माणसाला पायावर भार देता येत नसेल तर हिरव्या शेऱ्यावर विसंबू नये, ही सूचना पडद्यावरच असायला हवी होती. कंपनीला आम्ही तसे कळवले आहे.

ठाणे-वाशी लोकलमध्ये मुले मोबाइलवर सराव करतात, पण मानेतील बारीक रेषा एवढ्याशा पडद्यावर दिसत नाहीत, तेव्हा वर्गातला मोठा मॉनिटरच वापरावा. किंमत विभागाला परवडण्याजोगी आहे.

वर्गणी आम्ही पुढच्या वर्षासाठीही भरली आहे. नव्या तुकडीला मात्र पहिले काही दिवस फक्त नॉर्मल एक्स-रे देणार आहोत आणि नाव-पत्ता काढून टाकलेले आमच्याच रुग्णांचे, पाय वळलेले, लॅटरलसह एक्स-रे सरावाला जोडणार आहोत.