भोसरीतील सीम वेल्डिंगचे जॉबवर्क : ड्रॉइंग नीट वाचतात, चाकांकडे मात्र लक्ष हवे

भोसरी एमआयडीसीतील एका लहान युनिटकडून आम्ही १ मिमी सीआरसीए (थंड लाटून मऊ केलेल्या पोलादी) पत्र्याच्या इंधन टाक्यांचे सीम वेल्डिंग, म्हणजे सलग रेषेत जोडकाम, करून घेतले. काम हाती घेण्यापूर्वी तेथे ड्रॉइंग ज्या बारकाईने वाचले जाते, ती या सेवेची सर्वांत जमेची बाजू आहे.

आमच्या ग्राहकाच्या ड्रॉइंगवर वर्तुळ आणि त्यातून जाणाऱ्या दोन आडव्या रेषा, असे सीमचे चिन्ह होते. मात्र वर्तुळ संदर्भरेषेच्या (चिन्ह जिच्या आधाराने काढतात त्या आडव्या रेषेच्या) खाली काढलेले होते आणि चिन्हाची शेपटी, म्हणजे प्रक्रिया लिहिण्याची टोकाची जागा, कोरी होती. रेझिस्टन्स सीममध्ये (विजेच्या प्रवाहाने पत्रा तापवून केलेल्या सीममध्ये) तांब्याच्या मिश्रधातूची दोन चाके वरून-खालून पत्रा दाबत फिरतात, त्यामुळे चिन्हाचा बाण सांध्याची कोणती बाजू दाखवतो हा प्रश्नच उरत नाही आणि वर्तुळ रेषेवर मधोमध यावे लागते. ते एका बाजूला असेल तर आर्क किंवा इलेक्ट्रॉन बीमसारखी प्रक्रिया अभिप्रेत असल्याचा अर्थ निघतो. युनिटच्या मालकांनी ग्राहकाकडून खुलासा मागवला, शेपटीत आयएसओ ४०६३ या मानकाप्रमाणे २२ हा रेझिस्टन्स सीमचा प्रक्रिया क्रमांक घालून घेतला आणि मगच दर सांगितला. चिन्हाच्या डावीकडील ५ हा आकडा सीमच्या रुंदीचा आहे, याचीही त्यांनी खात्री करून घेतली. ‘वेल्डिंगच ना, करून टाकू’ एवढ्यावर बोलणे संपवणाऱ्यांशी गाठ पडलेल्यांना याचे मोल कळेल.

पहिला नमुना छिन्नीने उचकटला तेव्हा सांधा सुटण्याऐवजी पत्राच फाटला. टाक्या पाण्यात बुडवून हवा भरली असता सरळ कडांवर एकही बुडबुडा आला नाही. कोपऱ्यांवर मात्र काही टाक्या गळाल्या, कारण वळणावर वेग बदलला की नगेट (वितळून घट्ट झालेले सांध्याचे ठिपके) एकमेकांवर पुरेसे चढत नाहीत. नंतरच्या लॉटमध्ये सीम रुंद आणि कमकुवत निघाली. चाकाची कड दबून पसरली होती, तीच कारणीभूत ठरली, कारण तोच प्रवाह मोठ्या क्षेत्रावर विभागला गेला. ते जॉब त्यांनी विनाशुल्क पुन्हा करून दिले, परंतु चाक ड्रेसिंगची (चाकाची कड घासून पुन्हा आकारात आणण्याची) नोंदवही ठेवली असती तर ही वेळ आली नसती.

दर वाजवी आहे; भरणतार लागत नाही आणि पत्राही फारसा वाकत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे काम देणाऱ्यांनी ड्रेसिंग किती जॉबनंतर करणार, हे आधी लेखी घ्यावे, कारण जस्त तांब्यावर चढते आणि चाक फार लवकर खराब होते.