ट्रेलरच्या लाकडी तळाला काय लावावं: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

ट्रेलर २० बाय ८ फुटांचा, तळाला साल लाकडाच्या दीड इंची फळ्या. मार्चमध्ये पुढच्या अर्ध्या भागाला पॉलियुरेथेन वार्निश आणि मागच्या अर्ध्या भागाला डबल बॉइल्ड (लवकर वाळेल असं तयार केलेलं) जवस तेल लावलं होतं. माल मिसळ: नागपूरच्या कळमना बाजाराला संत्र्याचे क्रेट, बुटीबोरीच्या कारखान्यांना लोखंडी सामान, हंगामात खताची पोती. आता ऑक्टोबर संपत आलाय आणि कौल स्पष्ट आहे. माल ओढला-घसटला जातो त्या तळाला तेलच लावावं, वार्निश नको.

मेपर्यंत वार्निशचा भागच उजवा दिसत होता. झाडू फिरवला की लख्ख. पण लोखंडी ड्रम ओढले की चरे पडतात, आणि पहिल्या जोरदार पावसानंतर प्रत्येक चऱ्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा पांढुरका पट्टा उमटला. पाणी चऱ्यातून आत शिरतं. ऊन पडलं की त्याची वाफ होते, तिला वर यायला वाट नसते, मग ती थरच उचलते. शिवाय ओली फळी आडवी फुगते आणि कडक थर तेवढा ताणला जात नाही. ऑगस्टमध्ये पापुद्रे नखाने निघत होते, खालचं लाकूड काळं आणि मऊ झालेलं. अशा जागी नुसता वरून हात मारून भागत नाही, सगळं खरवडावं लागतं.

तेलाच्या भागाची चमक महिन्याभरात गेली, रंगही राखाडी झाला. चरे तिथेही आहेत, पण पापुद्रा नाही, आणि फळी पावसानंतर मोकळी वाळते. उणीव एकच, पण मोठी: मागच्या फाळक्याजवळ (माल चढवायला उघडतो त्या झडपेजवळ) काळ्या बुरशीचे ठिपके आले. जवस तेल बुरशी मारत नाही, उलट तिला पोसतं. त्यामुळे आधी कॉपर नॅप्थेनेटचं लाकूडरक्षक द्रावण द्यावं, ते पूर्ण वाळू द्यावं आणि मगच तेल. फळं किंवा धान्य थेट फळीवर पडणार असेल तर मात्र हे द्रावण वापरू नये.

तेल घेताना डबल बॉइल्डच घ्या. घाण्याचं खायचं जवस तेल वाळायला कित्येक दिवस घेतं, तोवर वाडीच्या रस्त्यावरची सगळी धूळ त्यावर बसते. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, दुसरा दोन भाग तेलास एक भाग टर्पेंटाइन, तिसरा निव्वळ तेलाचा. फळ्यांच्या वरखालच्या दोन्ही बाजू धरून या मापाच्या ट्रेलरला साडेसहा-सात लिटर तेल आणि साडेतीन लिटर टर्पेंटाइन लागतं. प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने, न मुरलेलं तेल कापडाने पुसून घ्यायचं. इथे आळस केला की तळ चिकट राहतो आणि पोती डागाळतात. दोन हातांमध्ये किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. वेळ संध्याकाळची बरी. लाकूड थंड होताना आतली हवा आकसते आणि तेल ओढून घेते. सकाळी लावलं तर फळी तापत जाते, आतली हवा बाहेर येते. वार्निशवर बुडबुडे येतात ते यामुळेच.

सगळ्यात जास्त लक्ष फळीच्या टोकांकडे द्या. पाणी टोकांतून भराभर चढतं, सपाट बाजूने फार कमी. टोकं तेल पिणं थांबवेपर्यंत ओल्यावर ओला हात देत राहायचं. दुसरी जागा म्हणजे फळी चॅनलवर (खालच्या लोखंडी आडव्या पट्टीवर) टेकते तिथली खालची बाजू. वरून तळ ठणठणीत दिसतो आणि कुजणं तिथूनच सुरू होतं, कारण चिखल अडकून ओल टिकते. बोल्ट काढून फळी उचला, चॅनलवर डांबरी पेंट मारा, खालची बाजू तेलाने भरा. परत बसवताना गॅल्व्हनाइज्ड बोल्ट घाला. साध्या लोखंडाभोवती लाकूड काळं पडतं आणि खतामुळे बोल्टही गंजतात. दोन फळ्यांत तीन-चार मिलिमीटर फट ठेवा, पावसाळ्यात ती आपोआप भरते. नवीन फळ्या लकडगंजच्या लाकूडबाजारातून आणणार असाल तर आरामशीनवरून आलेलं ओलं लाकूड लगेच रंगवू नका. सावलीत, हवा खेळेल अशा थप्पीत वाळू द्या.

जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून बरेच जण मारतात. ते वाळतच नाही, पावसात तळ निसरडा होतो, हमालाचा पाय घसरतो आणि धुऊन निघालेलं ऑइल जमिनीत जातं. वरच्या बाजूला डांबरी पेंटही नको, मेच्या उन्हात तो चपलांना आणि पोत्यांना चिकटतो. इपॉक्सी उन्हात पांढरी भुकटी सोडतं, बाकी त्याचं दुखणं वार्निशचंच.

तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल वाळताना तापतं, आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पाण्यात बुडवून ठेवा किंवा एकेक पसरून उघड्यावर वाळवा.

पुढचा हात कधी, हे पाणी टाकून कळतं. थेंब फळीवर गोल उभा राहिला तर थांबा. पसरून डाग पडला तर तळ झाडून, पॉलिश पेपर फिरवून तेलाचा एक हात द्या, आणि हे काम मेमध्येच उरका, कारण जूनच्या मध्यानंतर फळी वाळायला सवड मिळत नाही.