खाचा नुसत्या दाखवायला : छोट्या शॉटगन माइकमध्ये झालेली फसवणूक

निपाणीतल्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याने नामांकित कंपनीच्या नावाचा, तळहाताएवढा शॉटगन माइक (मुख्यतः समोरचाच आवाज टिपणारा, नळीसारखा माइक) ऑनलाइन मागवला. किंमत दुकानातल्या भावाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. मंगलाष्टकं रेकॉर्ड केली, तर भटजींपेक्षा मांडवामागचा जनरेटरच मोठा. विक्रेत्याचं उत्तर : "तुमची वायर चुकीची आहे."

वायर बरोबर होती. मागचं टोपण फिरवून माइक उघडला. आत शर्टाच्या बटणाएवढी कॅप्सूल (आवाज टिपणारा भाग), दोन तारा आणि वजन लागावं म्हणून चिकटवलेला लोखंडी तुकडा. कॅप्सूलच्या पाठीला एकही भोक नाही, म्हणजे चारी बाजूंचं सारखंच ऐकणारी. नळीवरच्या खाचा फक्त वरून कोरलेल्या, आरपार नव्हत्याच.

शॉटगनमध्ये सगळी करामत या खाचांची असते. बाजूने येणारा आवाज प्रत्येक खाचेतून थोड्या वेगळ्या वेळी आत शिरतो आणि कॅप्सूलपाशी पोचेपर्यंत एकमेकांना बराचसा खोडतो. समोरचा आवाज मात्र सरळ येतो. पण १ किलोहर्ट्‌झच्या आवाजाची लहर सुमारे ३४ सेंटिमीटर लांब असते. आठ-दहा सेंटिमीटरच्या नळीचा उपयोग साधारण ३-४ किलोहर्ट्‌झच्या वरच होतो. त्याखाली कॅप्सूल स्वतः किती एकदिशी आहे, यावर सगळं अवलंबून. त्यामुळे जनरेटरची घरघर अस्सल छोटा माइकही पूर्ण अडवत नाही. "पंधरा फुटांवरून स्वच्छ आवाज" असं कुणी सांगत असेल तर तीही फसवणूकच. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, दोन फुटांवरून आठ फुटांवर गेलात की १२ डेसिबल गेले. माइक दोन-तीन फुटांवर आणता येत नसेल तर कॉलर माइक घ्या.

पार्सल आलं त्याच दिवशी तपासा. कॅमेऱ्यातली आवाजाची पातळी आधी मॅन्युअलवर टाका. ऑटोवर कॅमेरा कमी आवाज आपोआप वाढवतो आणि फरक झाकला जातो. गच्चीवर किंवा शेतात जा, खोलीत भिंतींवरून आवाज परततो. एकाला तीन फुटांवर उभं करून वाचायला लावा. माइक आधी त्याच्याकडे, मग आडवा, मग पाठमोरा, जागा न हलवता. हेडफोनवर ऐका. अस्सल माइक पाठमोरा केला की आवाज चांगलाच उतरतो. मग खाचांवर चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा रेकॉर्ड करा (बोटांनी दाबलं तर घासल्याचा आवाज येतो). अस्सल माइकचा आवाज लगेच पोकळ होतो आणि मागचं जास्त ऐकू येतं. नकलीत काहीच बदलत नाही. ही चाचणी सगळ्यात भरवशाची.

दुकानात मोबाइलवर डेमो दाखवत असतील तर पिनकडे बघा. दोन काळ्या रेघा कॅमेऱ्यासाठी, तीन रेघा मोबाइलसाठी. दोन रेघांची पिन लावली की बरेच मोबाइल गुपचूप स्वतःचाच माइक वापरतात, आणि तोच आवाज शॉटगनचा म्हणून ऐकवला जातो. रेकॉर्डिंग चालू ठेवून आधी माइकवर, मग मोबाइलच्या खालच्या कडेवर नखाने टिचकी मारा. कुठली मोठी येते त्यावरून कळेल. उलट, माइक मुका वाटला म्हणून लगेच नकली ठरवू नका. सेल नसलेला माइक कॅमेऱ्याच्या सॉकेटमधून वीज घेतो, काही कॅमेऱ्यांत ती मेन्यूतून चालू करावी लागते.

बेळगावजवळच्या राजहंसगडावर शूट करणार असाल तर माइकला केसाळ टोपी लागतेच, नुसता फोम तिथल्या वाऱ्याला पुरत नाही.

खोकं उघडताना लेबलापासून सीरियल नंबरपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा, नंबर कंपनीच्या वेबसाइटवर नोंदवून बघा. बिलावर विक्रेत्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक हवाच. परतीची मुदत तारखेसह लिहून ठेवा, कारण "दुसरी वायर पाठवतो" म्हणत ती मुदतच संपवली जाते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं. ऑनलाइन पैसे घेऊन माल पाठवलाच नाही तर उशीर न करता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो तिथेच तक्रार करता येते. म्हणजे निपाणीकरांना, विक्रेता कोल्हापूरचा असो की आणखी दूरचा, बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग चालतो.

निपाणीच्या त्या माइकची परतीची मुदत, तो उघडून बघायच्या चार दिवस आधीच संपली होती. बिलावर जीएसटी क्रमांक नव्हता. पण खोकं टाकून दिलेलं नव्हतं, त्यावरच्या कुरियरच्या लेबलावर पाठवणाऱ्याचा पत्ता मिळाला. तोच पत्ता देऊन तक्रार दाखल केली आहे.