ग्नोम, प्लाझ्मा, एक्सएफसीई की नुसता विंडो मॅनेजर?

लिनक्ससाठी डेस्कटॉप (खिडक्या, मेनू, पॅनेल आणि सेटिंग्ज यांचा तयार संच; ग्नोम, प्लाझ्मा, एक्सएफसीई ही त्यातली काही नावं) निवडताना बहुतेक जण आधी स्क्रीनशॉट बघतात, मग रॅमचे आकडे. मशीनमध्ये ८ जीबी रॅम असेल, तर आकड्यांची फार चिंता करू नका. ब्राउझरमध्ये थोडे टॅब उघडले की डेस्कटॉपांमधला फरक त्यात बुडून जातो. खरा प्रश्न असा आहे: तुम्हाला काय काय तयार मिळायला हवं आणि काय स्वतः ठरवायचं आहे?

ग्नोम बरंचसं आधीच ठरवून देतो. सुपर की (कीबोर्डवरची विंडोज की) दाबली की उघड्या खिडक्या, वर्कस्पेस (खिडक्यांचे गट वेगळे ठेवायचे आभासी पडदे) आणि शोध एकाच पडद्यावर येतात. सगळं काम तिथूनच पुढे जातं. मूळ ग्नोममध्ये टास्कबार नाही, खिडकीला मिनिमाइझचं बटण नाही, ट्रेमधले, म्हणजे मागे चालू असलेल्या प्रोग्रामचे छोटे, आयकॉनही नाहीत. ही पद्धत अंगवळणी पडली तर तिच्याइतकं शांत वातावरण दुसरीकडे मिळत नाही. पण पहिल्याच दिवशी पाच-सहा एक्स्टेन्शन (बाहेरून जोडायच्या छोट्या सुविधा) टाकून त्याला दुसरंच काहीतरी बनवावंसं वाटलं, तर तो तुमच्यासाठी नाही असं खुशाल समजा. दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, नवी आवृत्ती येते आणि एक्स्टेन्शन त्या आवृत्तीसाठी अद्ययावत झालं नसेल तर ते बंद पडतं. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात डॉक (प्रोग्रामच्या आयकॉनांची पट्टी) आणि ट्रेची सोय आधीच करून दिलेली असते, त्यामुळे तिथला ग्नोम बघून मूळ ग्नोमबद्दल मत बनवू नये.

केडीई प्लाझ्मा उलट टोकाचा. खाली पॅनेल, कोपऱ्यात मेनू, म्हणजे विंडोजवरून येणाऱ्याला पहिल्या मिनिटापासून वावरता येतं. मला त्याची ताकद रंगरूपापेक्षा बारीक सोयींमध्ये दिसते. अमुक प्रोग्रामची खिडकी नेहमी दुसऱ्या डेस्कटॉपवर, ठरलेल्या आकारातच उघडावी, असा नियम माउसनेच लावता येतो. डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये एफ३ दाबलं की दोन फोल्डर शेजारी-शेजारी येतात. क्लिपबोर्डचा इतिहास आयता मिळतो. किंमत एवढीच की सेटिंग्जचं जंगल मोठं आहे, आणि ज्याला प्रत्येक खटका फिरवून बघायची सवय असते त्याचे तास त्यात जातात. तरीही कोणाला एकच नाव हवं असेल, तर मी प्लाझ्मा सांगेन, कारण त्यात नावडलेली गोष्ट बदलायला बाहेरून काही आणावं लागत नाही.

जुन्या मशीनसाठी एक्सएफसीई. तो सावकाश बदलतो: ४.१८ डिसेंबर २०२२ मध्ये आली, ४.२० डिसेंबर २०२४ मध्ये. आज शिकलेलं पुढची काही वर्षं तसंच उपयोगी पडतं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या संगणकासाठी मात्र मी लिनक्स मिंट या प्रकाराचा सिनॅमन डेस्कटॉप निवडेन. तो तितकाच ओळखीचा आणि दिसायला नीटनेटका आहे.

आता नुसता विंडो मॅनेजर, म्हणजे फक्त खिडक्या मांडणारा प्रोग्राम, बाकी डेस्कटॉप नाही. आय-थ्री किंवा स्वेमध्ये खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी बसतात, माउसला हात न लावता काम होतं आणि सगळी मांडणी एका टेक्स्ट फाइलमध्ये राहते. ती फाइल नव्या मशीनवर नेली की तुमची मांडणीही सोबत येते. दिवसभर टर्मिनल आणि एडिटरमध्ये असणाऱ्यांना हा वेग खरोखर आवडतो. मात्र डेस्कटॉप गुपचूप करत असलेली कामं इथे तुमच्या गळ्यात येतात: सूचना, स्क्रीन लॉक, वाय-फाय, आवाजाची बटणं, इंग्रजीखेरीज दुसऱ्या लिपीत टाइप करायची सोय. पासवर्ड विचारणारी खिडकी दाखवणारा पोलकिट एजंटसुद्धा वेगळा सुरू करावा लागतो. तो नसेल तर परवानगी लागणारं काम नुसतंच अडतं आणि कारण लवकर कळत नाही. फक्त टायलिंगचं, म्हणजे खिडक्या अशा शेजारी-शेजारी बसवण्याचं, आकर्षण असेल तर आधी प्लाझ्मामध्ये सुपर आणि टी दाबून बघा. फेब्रुवारी २०२३ च्या ५.२७ आवृत्तीपासून खिडक्यांसाठी कप्पे आखायची सोय त्यात आहे.

एक तांत्रिक मुद्दा टाळता येत नाही, तो वेलँडचा, म्हणजे जुन्या एक्स-११ च्या जागी येणाऱ्या, पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेचा. लॅपटॉपचा पडदा दाट पिक्सेलचा आणि बाहेरचा मॉनिटर साधा असेल, तर दोन्हींवर अक्षरं योग्य आकारात दिसायला वेलँड हवा. ग्नोम, प्लाझ्मा आणि स्वे तिथे पक्के आहेत. आय-थ्री फक्त एक्स-११ वर चालतो आणि त्याची कॉन्फिग फाइल स्वेला बहुतांशी जशीच्या तशी चालते. एक्सएफसीईच्या ४.२० मध्ये वेलँड अजून प्रायोगिक आहे. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) लागत असेल तर सुरुवात ग्नोमपासून करावी. ऑर्का या स्क्रीन रीडरशी त्याचा मेळ जुना आहे.

एकाच मशीनवर दोन-तीन डेस्कटॉप टाकून लॉगिनच्या पडद्यावर हवा तो निवडता येतो. पण प्रत्येकासाठी वेगळं यूजर खातं काढा, नाहीतर थीम, फाँट आणि कोणती फाइल कशात उघडायची याच्या सेटिंग्ज एकमेकांत मिसळतात. मग वॉलपेपर बदलत बसण्याआधी लॅपटॉप झोपवून उठवा, दुसरा मॉनिटर जोडा-काढा, व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करा आणि तुमच्या लिपीत एक परिच्छेद टाइप करा.