दुर्लक्ष की खंडन?

विद्यापीठाबाहेरचा कुणीतरी 'आइन्स्टाइन चुकला' म्हणत चाळीस पानी पीडीएफ पाठवतो. भौतिकशास्त्रज्ञापुढे दोन वाटा असतात: मेल न उघडता पुढे जायचं, नाहीतर बसून चूक शोधायची.

पहिली वाट सर्रास वापरली जाते. त्यात उर्मटपणापेक्षा वेळेचा हिशोब जास्त असतो. पहिल्याच समीकरणात डावीकडे ऊर्जा आणि उजवीकडे बल, म्हणजे मुळात बरोबरीच होऊ न शकणाऱ्या राशी दिसल्या, तर उरलेली पानं कोण वाचणार? तोटा एवढाच की पाठवणाऱ्याला चूक कळतच नाही; 'घाबरले बघा' असा तो मौनाचा अर्थ लावतो.

दुसरी वाट वेळखाऊ, पण काम चोख. उदाहरणार्थ, गॅरेट लिसी. भौतिकशास्त्रात पीएचडी झालेला, पण विद्यापीठात नोकरी नाही, सर्फिंगचा नाद. २००७ मध्ये त्याने २४८ मितींच्या 'ई८' या गणिती रचनेत सगळे मूलकण आणि बलं बसवल्याचा दावा केला. माध्यमांनी त्याला डोक्यावर घेतलं. भौतिकशास्त्रज्ञ जॅक डिस्टलर आणि गणितज्ञ स्किप गॅरिबाल्डी यांनी मात्र गणितानेच उत्तर दिलं: कणांची एक पिढी (म्हणजे मूलकणांचा एक संच) बसवली की तिची आरशातली उलटी जोडीही सोबत येते, आणि निसर्गात ती दिसत नाही. मला ही वाट जास्त पटते, पण दावा तपासण्याजोगा असेल तरच.

बाहेरचा माणूसही बरोबर ठरू शकतो, यासाठी पेटंट कार्यालयातल्या आइन्स्टाइनचा दाखला इथे हमखास दिला जातो. पण त्याचे १९०५ चे लेख 'अनालेन डेर फिजिक' या जर्मन भौतिकशास्त्र नियतकालिकाने छापले होते. तो दाराबाहेर ताटकळला नव्हता.