मायोइलेक्ट्रिक हात: इंदूरमध्ये चौदा महिने वापरल्यानंतर

आधी हातात काय आहे ते. कोपराखालून गेलेल्या डाव्या हातासाठीचा मायोइलेक्ट्रिक हात, म्हणजे स्नायूंतल्या विजेच्या इशाऱ्यावर मोटरनं चालणारा कृत्रिम हात, भारतीय बनावटीचा. एकच मोटर आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट चालतं, उरलेली दोन बोटं नुसती सोबत जातात. सॉकेट (उरलेला हात ज्यात बसतो तो कडक साचा), बॅटरी आणि वरचा ग्लोव्ह धरून वजन १ किलो ५० ग्रॅम. चौदा महिने, रोज आठ-नऊ तास वापर झाला आहे, त्यात दोन हिवाळे, एक कडक उन्हाळा आणि एक पावसाळा आला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्या अडचणी सांगतो आहे त्या बहुतेक या जातीच्या सगळ्याच हातांच्या आहेत.

कॉलेजातली मुलं हा हात पाहिला की हटकून एकच विचारतात: चांगला हात देऊन असा बसवून घेता येईल का? त्यांना ‘नको रे बाबा’ एवढ्यावर परत पाठवणं बरोबर नाही. प्रश्न खरा आहे आणि येत्या काळात तो अधिकाधिक लोकांपुढे येणार आहे. म्हणून हा हात रोज काय करतो, कुठे अडतो आणि का अडतो, ते नीट लिहितो.

पंजा नसला तरी मेंदूचा हुकूम उरलेल्या स्नायूंपर्यंत पोचतोच. मूठ मिटायचा विचार केला की कोपराखालच्या आतल्या बाजूचा स्नायू आकसतो, उघडायचा विचार केला की बाहेरच्या बाजूचा. आकसताना त्वचेवर विजेचा अगदी क्षीण दाब उमटतो, फार तर व्होल्टच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. सॉकेटच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक इलेक्ट्रोड असतो, तो हा दाब टिपतो. एका इलेक्ट्रोडवर धातूच्या तीन पट्ट्या असतात. दोन टोकांच्या पट्ट्यांमधला फरक मोजला जातो, मधली तुलनेसाठी. इलेक्ट्रोड स्नायूच्या लांबीला धरूनच बसला पाहिजे. तो आडवा किंवा बोटभर सरकलेला बसला तर शेजारच्या स्नायूचाही सिग्नल घेतो आणि मिटायला सांगितलं की हात उघडतो.

विकत घेताना सहसा कोणी न सांगणारी एक गोष्ट: आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६० हर्ट्झची. इलेक्ट्रोडमध्ये ही घरगुती विजेची गुणगुण गाळणारी सोय असते आणि ती देशाप्रमाणे वेगळी असते. बाहेरून आणलेला ६० हर्ट्झचा इलेक्ट्रोड इथे बसवला तर मिक्सर किंवा फ्रिजजवळ हात बिथरतो. सुट्टा भाग मागवताना ५० हर्ट्झचाच मागवावा.

नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे जोर लावणं. इलेक्ट्रोडच्या मागे संवेदनशीलता कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू असतो. तो प्रोस्थेटिस्टकडून (कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडून) असा लावून घ्यायचा की हलक्या आकसण्यानं हात चालेल. जोर लावून चालवला तर दुपारी बारापर्यंत स्नायू थकतो आणि मग कितीही जोर लावा, सिग्नल येत नाही. दोन्ही स्नायू एकदम आकसायची सवयही मोडावी लागते. हात मिळायच्या आधी दोन-तीन आठवडे, रोज वीस मिनिटं, नुसते इलेक्ट्रोड लावून स्क्रीनवरच्या दोन रेषा वेगवेगळ्या उचलायचा सराव करावा. हा सराव टाळणारे पुढे हात कपाटात ठेवतात.

पण सगळं अवलंबून आहे सॉकेटवर. मोटर, बोटं, अॅप हे नंतरचं. स्टम्पचा, म्हणजे कोपराखाली उरलेल्या हाताचा, प्लास्टरचा साचा घेतात, त्यावरून आधी पारदर्शक प्लास्टिकचं चाचणी सॉकेट बनवतात. ते घालून निदान तीन-चार दिवस काम केल्याशिवाय पक्क्या सॉकेटला होकार देऊ नये. पारदर्शक असल्यामुळे दाब कुठे पडतो ते दिसतं: त्वचा पांढरी पडून तशीच राहिली तर तिथे जागा कमी आहे. कोपराच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या उंचवट्यांवरच हे सगळं एक किलो लटकत असतं. खऱ्या पंजाचं वजन कळत नाही कारण तो हाडाला बांधलेला असतो. इथे वजन कातडीवर येतं, म्हणून तेवढंच वजन दुप्पट वाटतं.

घालायची रीत अशी. स्टम्पवर पॅराशूटच्या कापडाची निसरडी नळी चढवायची, तिचं टोक सॉकेटच्या तळाच्या भोकातून बाहेर काढायचं, स्टम्प आत घालत ती नळी सावकाश ओढून काढायची. त्यामुळे मांस सॉकेटमध्ये खेचलं जातं आणि त्वचा इलेक्ट्रोडला चिकटून बसते. नुसता ढकलून घातला तर वर सुरकुती राहते आणि दुपारपर्यंत तिथे फोड येतो.

पहिल्या वर्षात स्टम्प बारीक होतो. आमचं पहिलं सॉकेट दहाव्या महिन्यात सैल झालं. ओळखायची खूण सोपी आहे: हात खाली असताना ऐकतो, पण माळ्यावरचा डबा काढायला वर केला की गप्प होतो. वर करताना स्टम्प आत घसरतो आणि इलेक्ट्रोड त्वचेपासून सुटतो. पायाच्या सॉकेटसारखा जाड मोजा घालून भरपाई करता येत नाही, कारण इलेक्ट्रोडला कातडीच लागते. मोज्याला इलेक्ट्रोडच्या जागी खिडक्या कापून एक-दोन महिने निभावतं, नंतर नवं सॉकेट.

आता हवा. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो आणि सॉकेटच्या आत घामाचं तळं होतं. घामात मीठ असतं, त्यातून वीज वाहते. इलेक्ट्रोडच्या पट्ट्या घामानं एकमेकींना जोडल्या गेल्या की फरकच उरत नाही आणि हात ढिम्म. उलट प्रकारही होतो: ओल्या कातडीवरून सॉकेट घसरलं, एखादी पट्टी सुटली, की तो इलेक्ट्रोड बाहेरची गुणगुण पकडतो आणि पंजा आपणहून उघडतो. हातात काचेचा ग्लास असताना हे फार वाईट. उपाय एकच: दर तीन तासांनी काढायचा, सुती फडक्यानं स्टम्प आणि पट्ट्या पुसायच्या, पाच मिनिटं वारा लागू द्यायचा. पावसाळ्यातही हेच, शिवाय घामोळं आणि केसांच्या मुळाशी पुळ्या. रात्री सौम्य साबणानं स्टम्प धुवावा, कोरडा करावा. तेल किंवा क्रीम लावायचं तर रात्रीच. सकाळी लावलेलं तेल इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यामध्ये पडद्यासारखं बसतं. डिसेंबर-जानेवारीत कातडी इतकी कोरडी असते की घातल्यावर पहिली दहा मिनिटं हात जागाच होत नाही. दोन्ही जागी ओलं बोट फिरवून घातलं की लगेच चालतो. रंगपंचमीच्या गेरमध्ये (इंदूरची रंगांची मिरवणूक) मात्र तो घरीच ठेवावा. मनगटाच्या सांध्यातून पाणी आत गेलं की मोटरचं काम संपलं.

ग्लोव्हबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण इथली पोह्यांची प्लेट त्याची वैरी आहे. हातावर कातडीच्या रंगाचा पीव्हीसीचा ग्लोव्ह असतो. हळदीचा पिवळा रंग तेलात विरघळतो, आणि पीव्हीसी मऊ राहावी म्हणून तिच्यात तेलकट प्लास्टिसायझर घातलेलं असतं. त्यामुळे डाग वर बसत नाही, आत उतरतो. पोहे, त्यावरचा जिरावन मसाला, वरणाचा थेंब, सगळ्याची नोंद राहते. लगेच स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं तर वरचा रंग निघतो, तासाभरानं काही निघत नाही. हळदीचा रंग उजेडात उडतो, म्हणून बॅटरी काढून हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात ठेवला तर दोन-तीन दिवसांत फिका होतो. मेच्या उन्हात ठेवू नका, ग्लोव्ह कडक होतो. वर्तमानपत्राची शाईही अशीच मुरते. ग्लोव्ह साधारण पाच-सहा महिने टिकतो, आधी अंगठ्याच्या बेचक्यात फाटतो. सिलिकॉनचा कमी डागाळतो पण लवकर चिरतो आणि महाग पडतो. जेवताना आणि स्वयंपाकात वरून साधा नायट्राइलचा हातमोजा चढवणं हाच व्यवहारी मार्ग.

कामं कोणती जमतात? धरून ठेवायची सगळी. बाटली धरून उजव्या हातानं झाकण फिरवणं, पँटची चेन लावताना कापड ताणून धरणं, पिशवी, छत्री, फाइल. दिवाळीत चकलीचा दांडीवाला सोऱ्या डाव्यात पक्का धरला जातो, फक्त तेलकट हात लागला की घसरतो, ओलसर फडकं गुंडाळावं. गरम चहाचा स्टीलचा पेला उघड्या बोटांना धरवणार नाही असा हा हात शांतपणे धरतो. पण तव्याच्या कडेला ग्लोव्ह चिकटून वितळू लागला तरी कळत नाही, त्यामुळे गॅसजवळ नजर हटवायची नाही. कणीक मळणं, कांदा धरून चिरणं, बुटाची नाडी, यात तो अडथळाच होतो. धावत्या बसमध्ये दांडा या हातानं धरू नये, धक्क्यात सॉकेटसकट निघून येतो. लाकडाचे अडीच सेंटीमीटरचे ठोकळे एका मिनिटात फळीपलीकडे टाकायची एक चाचणी असते. त्यात या हातानं पहिल्या महिन्यात ८ ठोकळे गेले, आता १९ जातात. उजव्या हातानं ७२.

हा फरक मोटरच्या वेगामुळे नाही. या हाताला स्पर्श नाही. कागदी कप धरताना डोळे आणि कान कामाला लागतात. पकड रिकामी असताना मोटरचा आवाज बारीक, एकसारखा चालतो. बोटं कपाला टेकली की तो खाली उतरतो, जड होतो. तो बदल ऐकू येताच स्नायू सोडायचा. अर्धा सेकंद उशीर झाला की कप चेपतो आणि चहा मनगटावर. छप्पन दुकान या खाऊगल्लीच्या गर्दीत तो आवाज ऐकूच येत नाही, मग नुसत्या डोळ्यांवर काम, म्हणजे समोरच्या माणसाकडे बघता येत नाही. प्रत्येक पकडीला असं लक्ष द्यावं लागतं, आणि संध्याकाळी थकवा येतो तो याच लक्ष देण्याचा.

म्हणूनच जुना केबलचा हूक अजून टिकून आहे. विरुद्ध खांद्याच्या पट्ट्यातून येणारी तार ओढली की तो उघडतो, आणि तारेच्या ताणावरून किती धरलंय ते खांद्याला कळतं. पाणी चालतं, बॅटरी नाही, तार तुटली तर हाताशी असलेल्या पान्या-पकडीनं बदलता येते. २०१६ साली झुरिचला पहिली सायबॅथलॉन, म्हणजे कृत्रिम अवयव आणि सहायक यंत्रं वापरणाऱ्यांची स्पर्धा, झाली, तिथे हातांच्या शर्यतीत मोटरच्या हातांना मागे टाकून असाच अंगाच्या ताकदीवर चालणारा हात पहिला आला. आमच्याकडेही बागकाम आणि धुणी-भांडी हुकानंच होतात, मायोइलेक्ट्रिक हात ऑफिस, बाजार आणि लग्नकार्याला.

आता मुलांच्या प्रश्नाकडे. जिवंत हात स्वतःहून कापून असा हात घेणारी माणसं आहेत. व्हिएन्नाचे शल्यविशारद ऑस्कर आस्मान यांनी अशा तीन जणांचं काम २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलं. पण त्या तिघांचे हात खांद्याजवळच्या नसांच्या जाळ्याला इजा होऊन वर्षानुवर्षं निर्जीव लटकत होते. त्यांनाही आधी सराव करवला, जुन्या हातासोबत कृत्रिम हात बांधून वापरायला दिला, मगच कापलं. म्हणजे तिथे तुलना निरुपयोगी हाताशी होती. धडधाकट हाताशी तुलना केली तर चौदा महिन्यांच्या अनुभवावरून मी ठाम सांगतो, बदली करू नये. शक्ती, वेग, बॅटरी यांत उद्या सुधारणा होईल. पण देताना आपण बोटांच्या टोकांची संवेदना देतो, आणि ती आजचा कोणताही बाजारातला हात परत देत नाही. कानातल्या कॉक्लियर इम्प्लांटचंही असंच: इलेक्ट्रोड आत घालताना उरलेलं नैसर्गिक ऐकणं जायची जोखीम असते, म्हणून श्रवणयंत्रानं भागत असेल तर ते करत नाहीत.

कातडीखाली बसणारी तांदळाएवढी चिप हे त्या मानानं हलकं प्रकरण आहे, दार उघडण्यापुरती. तिथे प्रश्न वेगळा येतो, दुरुस्तीचा. आर्गस-२ नावाचं दृष्टिपटलावर बसवायचं यंत्र जगभरात साडेतीनशेहून अधिक अंधांनी घेतलं होतं. २०१९ मध्ये कंपनीनं ते बंद केलं आणि डोळ्यात यंत्र असलेली माणसं सुट्ट्या भागांविना उरली. बाहेरून चढवायचा हात बंद पडला तर काढून ठेवता येतो. शरीराच्या आतलं काही घेताना पुढच्या वीस वर्षांची सर्व्हिस कोण देणार, हे लेखी मागावं.

ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी जरूर घ्यावा. किमतीत सोबत दोन बॅटऱ्या, एक जादा ग्लोव्ह आणि नऊ-बारा महिन्यांनी लागणारं दुसरं सॉकेट धरूनच हिशेब मांडावा. हात दुरुस्तीला कारखान्यात गेला की आमच्याकडे पाच आठवडे लागले, तेवढ्या काळासाठी बदली हात देतात का ते विचारावं. आणि दुकानातच बॅटरी काढून, पंजा मिटलेला असताना तो दुसऱ्या हातानं उघडून बघावा. जो उघडत नाही तो घेऊ नये, बॅटरी संपली की त्याची पकड अडकून राहील.