शहाद्याच्या बाजारातला धावड्याचा डिंक

बाळंतिणीच्या लाडवांसाठी डिंक घ्यायचा असेल, तर शहाद्याच्या आठवडे बाजारात सातपुड्याकडचा माल घेऊन बसणाऱ्या जडीबुटीवाल्याकडे जा. पाव किलोचे 200 रुपये पडले. किराणा दुकानापेक्षा महाग, पण खडा न् खडा कामाला आला. याआधी दुसरीकडून आणलेला डिंक तुपात वरवर फुगला, आत कच्चाच राहिला आणि दाताला चिकटला. हा मंद आचेवर थोडा थोडा टाकला, तर पार गाभ्यापर्यंत फुलला. वाटीनं दाबताच भुगा.

मला जास्त आवडलं ते हे, की धावड्याचा आणि बाभळीचा डिंक इथे एकत्र करत नाहीत. धावड्यातही चैत्र-वैशाखात वेचलेला एका टोपलीत आणि पावसानंतरचा दुसऱ्या. "मावशी, पानी पडनं का डिंक गया," दुकानदार म्हणाला. अगदी खरं बोलला. सालीला इजा झाली की झाड जखमेतून डिंक सोडतं. जमिनीतली ओल आटलेली, ऊन कडक, पानं झडलेली, अशा दिवसांत तो चांगला सुटतो. भरपूर पाणी पिऊन जोमात असलेलं झाड हात आखडतं. शिवाय डिंक पाणी धरतो, म्हणून पावसात खडे भिजून खराब होतात.

सुदानच्या कोर्डोफान भागातही हेच गणित. तिथल्या सवानातल्या, म्हणजे गवताळ माळरानातल्या, हशाब झाडाचा डिंक जगभर जातो, शीतपेयांत अन् गोळ्या-चॉकलेटांत पडतो. पावसाळा सरून पानं गळायला लागली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात लोक साल सोलतात आणि काही आठवड्यांनी पहिले खडे वेचतात.

घेताना खडा उजेडात धरा. मधाच्या रंगाचा, आरपार दिसणारा घ्या. झाडावर जास्त दिवस राहिलेला डिंक गडद होत जातो, सालीतलं टॅनिन हे तुरट द्रव्य उतरलं की काळपट होतो. असा डिंक लाडवात मला तुरट लागतो.

तक्रारी दोन. माझ्या पाव किलोत सालीचे बरेच कपचे निघाले, निवडायला वेळ गेला. आणि माल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात, त्यात घाम धरतो; घरून कोरडा डबा न्या. पावसाळ्यात गेलात तर उन्हाळी टोपलीतलाच मागा. शिल्लक नसेल तर दुकानदार स्वतःच तसं सांगतो, दुसरा गळ्यात मारत नाही.